मोहोरबोली

पडद्यावरचा तो हिरवा ठिपका म्हणजे मी, असं मला सांगण्यात आलं. आणि लगेच पुढच्या वाक्याला, हा ठिपका जरा उधळा आहे, असंही सांगण्यात आलं.

"उधळा म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे हेमांगीताई, तुमच्या शेडमध्ये कागदाची नासाडी फार होत होती, असं यंत्राला दिसतंय," समोरच्या मॅडम म्हणाल्या. त्यांचं नाव ऋजुता आगटे. भरपाई ठरवायला सरकारने नेमलेल्या अधिकारी. "त्या हंगामात जेवढा कागद आत गेला, त्यातला चौथा हिस्सा बॉक्स होऊन बाहेर पडलाच नाही. तुमचा धंदा बंद पडला त्याचं मुख्य कारण हे. कागदाच्या गिरण्यांचा दोष त्यात जवळजवळ नाही."

माझं डोकंच फिरलं. मी हेमांगी तारकर, कातळगावची बॉक्सवाली. पंचक्रोशीतला आंबा माझ्या बॉक्समधून मुंबई-पुण्याला जायचा. माझ्या शेडमध्ये कागदाची कातरण पडली तर कामाला असलेली सुलभा ती उचलून आधी माझ्या तोंडाकडे बघायची, मी ओरडेन म्हणून. आणि हे डबडं मला उधळी म्हणतंय!

"मॅडम," मी म्हटलं, "त्या तुमच्या ठिपक्याला माझ्या शेडमध्ये एक दिवस कामाला पाठवा. संध्याकाळपर्यंत हिरव्याचा पांढरा नाही केला तर नाव बदलीन."

मागच्या बाकांवर लोक हसले. गिरण्यांचे वकील हसले नाहीत. त्यांनी नम्रपणे मान झुकवून सांगितलं, की बाईंनी त्या हंगामात बॉक्सचा दर नव्वदवरून एकशेवीस केलेला त्यांच्याच बिलांवर दिसतो, म्हणजे महागाईचा भार बाईंनी गिऱ्हाइकांवर ढकलला, म्हणजे बाईंचं नुकसान काहीच नाही. बोलणं असं गुळगुळीत की ऐकताना मलासुद्धा क्षणभर पटलं.

आता हे प्रकरण काय होतं ते आधी सांगते, नाहीतर तुम्हीही मला उधळीच समजाल.

बॉक्सला लागतो तो जाड तपकिरी कागद. तो बनवणाऱ्या पाच मोठ्या गिरण्या. पाच वर्षांपूर्वी ऐन फाल्गुनात, आंबा तोंडावर आलेला असताना, पाचही गिरण्यांचा कागद एकदम महागला आणि खाली यायचं नावच घेईना. पुढे चौकशीत कळलं ते अजबच होतं. दर ठरवायला मालक कुठे जमले नव्हते, कोणी कोणाला फोन केला नव्हता. प्रत्येक गिरणीचा दर एक सॉफ्टवेअर ठरवत होतं, आणि त्याला एवढंच शिकवलेलं होतं की नफा वाढव. ही सॉफ्टवेअरं रोज एकमेकांचे दर बघत. एकाने दर उतरवला की बाकीची चार त्याहून उतरवून त्याला फटका देत. असं काही महिने झाल्यावर पाचही जणं आपोआप शहाणी झाली, की खाली कोणीच यायचं नाही. एक शब्द न बोलता संगनमत. मालकांना ते दिसत होतं आणि ते गप्प बसून खात होते, म्हणून कोर्टाने त्यांना दोषी धरलं आणि सांगितलं, ज्यांचं नुकसान झालं त्या सगळ्यांना भरून द्या.

पण किती द्यायचं? संगनमत झालंच नसतं तर काय झालं असतं, हे कोण सांगणार? त्यासाठी हे यंत्र. सरकारी नाव 'प्रतिबाजार', पण सगळे त्याला जरतर म्हणतात. हवामानखातं उद्याचा पाऊस सांगतं, हे न पडलेला पाऊस सांगतं. यात प्रत्येक धंद्याचा एक ठिपका असतो. तुमची बिलं, वीज, बँक, टेम्पोच्या फेऱ्या, सगळं वाचून तो ठिपका तुमच्यासारखा वागायला शिकतो. मग अशा लाखो ठिपक्यांचा बाजार दोनदा चालवतात. पहिल्यांदा संगनमतासकट, आणि तेव्हा खरोखर घडलं तसंच घडतंय की नाही ते तपासतात. दुसऱ्यांदा संगनमत वगळून. दोन्हींत जो फरक पडतो तेवढी भरपाई.

सोय चांगली आहे, मी नाही म्हणत नाही. ऋजुता मॅडमही भल्या वाटल्या. लोक गेल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं आणि स्वतः चहा आणून दिला.

"ताई, पहिल्या फेरीत तुमची शेड बंद पडायला हवी, कारण खरी बंद पडली. यंत्राला त्याचं एकच कारण सापडलं, नासाडी. दुसरं काही असेल तर मला सांगा."

मी दोन घोट घेतले आणि सांगायला लागले.

आमच्या गावात मोहोरबोली असते. आंब्याला मोहोर आला की बॉक्सवाली बागेत जाते, पहिल्या कलमाच्या बुंध्याशी नारळ फोडते आणि त्या हंगामाचा बॉक्सचा दर सांगते. माझी सासू जायची, मग मी जायला लागले. एकदा नारळ फुटला की शेवटची पेटी जाईपर्यंत दर तोच. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्यानंतर दराचं नाव काढायचं नाही. देणाऱ्याने नाही आणि घेणाऱ्याने नाही. काढलं तर मोहोर गळतो म्हणतात.

"पण बिलं तर एकशेवीसची आहेत," मॅडम म्हणाल्या.

"ती माझी नाहीत हो, बँकेची आहेत. नव्या मशीनचं कर्ज देताना बँकेने बिलाचं सॉफ्टवेअर गळ्यात बांधलं. कागद चढला की बिलावरचा दर आपसूक चढतो, मला हात लावता येत नाही. आणि मी तर नारळ फोडून नव्वद सांगून बसलेले. मग काय करणार? तीन बॉक्सचं बिल फाडायचं आणि चौथा वर टाकायचा. झाले की नाही चाराचे तीनशे साठ? नव्वदच पडला."

मॅडमनी कप खाली ठेवला. "म्हणजे नासाडी म्हणून दिसतोय तो चौथा हिस्सा..."

"लोकांच्या बागेत गेला. वरचे बॉक्स. शेवटच्या पेटीपर्यंत मी ते पुरवले आणि पावसाळ्यात शेडला कुलूप लावलं. कर्ज तेवढं आमच्या ह्यांच्या बोटीवरच्या पगारातून अजून फिटतंय."

त्यांनी कागदावर काहीतरी टिपून घेतलं. मग हळूच म्हणाल्या, "माझा विश्वास आहे. पण यंत्राला नुसता तुमचा शब्द चालत नाही, कारण त्यात तुमचा फायदा आहे. ज्यांनी ते वरचे बॉक्स घेतले त्यांनी सांगायला हवं. आणि त्यांची अडचण अशी आहे, ताई, की त्याच बिलांवर बागवाल्यांनीही दावा लावलाय. आम्हाला बॉक्स एकशेवीसला पडला म्हणून. तुमचं खरं ठरलं तर त्या हंगामाचा त्यांचा दावा खलास."

"कोणी लावलाय दावा?"

"बागायतदार संघाने. अध्यक्ष सूर्यकांत परुळेकर."

सूर्यकांत परुळेकर म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ.

दादा आणि मी पाच वर्षं बोलत नव्हतो. भांडण असं काही झालंच नव्हतं, तेच तर वाईट. शेड बंद पडली त्याच्या पुढच्या पौषात मोहोर आला आणि मी बागेत गेले नाही. कुठल्या तोंडाने जाणार? मला वाटलं, दादा येईल, विचारेल. तो आला नाही. त्याने घाटावरच्या कोणाकडून बॉक्स मागवले. मला हे लागलं, त्याला ते लागलं. गणपतीत मी माहेरी गेले नाही, भाऊबीजेला तो आला नाही, आणि मग ती सवयच पडून गेली.

पण बिलं दाखवून वरचे बॉक्स गिळायचे? दुसऱ्या दिवशी मी तरातरा त्याच्या बागेत गेले.

दादा कलमांना खत घालत होता. केस पार पांढरे झालेले. मला बघून त्याने घमेलं खाली ठेवलं, आणि वयनी पडवीतून धावत आली. मी कोणालाच बोलू दिलं नाही.

"दादा, चौथो बॉक्स खय गेलो रे? तुझ्या पोटात?"

तो खाली बघत राहिला. "वकिलान सगळ्यांची बिलां जमवल्यान. बिलार काय आसा ता त्येणी लिवल्यान."

"आणि तू सही केलंस."

"केलंय. काय करू? सगळे बागवाले माझ्या मानेर बसान आसत. कोणाक पंप घेवचो आसा, कोणाक पोरीचा शिक्षण आसा. त्यांका काय सांगू, माझ्या भयणीसाठी तुमी पाणी सोडा?"

"माझ्यासाठी नाय रे, खऱ्यासाठी."

"खरा?" आता तोही तापला. "खरा काय ता मी सांगू? तू शेड बंद केलंस आणि सख्ख्या भावाक सांगूक इलंस नाय. लोकांकडसून कळला माका. मोहोर इलो, मी नारळ घेवन सकाळभर कलमाबुडी बसलंय, म्हटलं आता येतली, मगे येतली."

हे मला माहीतच नव्हतं. पण तोंड थांबलं नाही.

"आणि त्याच्या आधी? सगळ्या मुलखात बॉक्स महाग झालो, माझो तेवढो नव्वदाक कसो, तुका प्रश्न पडलो नाय? एकदा तरी इचारलंस, हेमा, तुका परवडता काय?"

"इचारणार कसो? नारळ फुटललो!" दादा ओरडला, आणि ओरडून झाल्यावर तसाच उभा राहिला.

मीही उभी राहिले. तोंडात आलेलं सगळं बोलून संपलं होतं. तो विचारू शकत नव्हता आणि मी सांगू शकत नव्हते. मोहोर गळू नये म्हणून आम्ही दोघांनी तोंडं शिवून घेतली, मोहोर राहिला आणि आम्हीच गळून पडलो. मला रडू आलं. वयनीने पदराने माझं तोंड पुसलं, "जेवान जा," म्हणाली. मी जेवले नाही. पण निघताना तिने पिशवीत कोकमं घातली ती घेतली. दादा साक्ष देतो म्हणाला नाही, देत नाही म्हणाला नाही.

पुढच्या सुनावणीला मी गेले ती आशा सोडूनच. सभागृह भरलेलं होतं. एका बाजूला बागवाले. त्यांच्यात मला वयनी दिसली, दादा दिसला नाही. गिरण्यांचे वकील फर्मात होते. सकाळी बागवाल्यांच्या दाव्यावर बोलताना त्यांनी सांगितलेलं, की बॉक्सवालीने दर खरोखर वाढवला याला बिलांपलीकडे आधार काय? आणि दुपारी माझ्या दाव्यावर म्हणाले, की बिलांवरून स्पष्टच आहे, बाईंनी दर वाढवला. एकाच तोंडाने एकाच दिवशी. त्यांच्या घशाला त्रास कसा होत नाही कोण जाणे.

"तारकरबाईंच्या बाजूने कोणाला काही सांगायचंय?" ऋजुता मॅडमनी विचारलं.

"मला सांगायचंय," दारातून आवाज आला.

दादा इस्त्रीचा सदरा घालून आला होता. पुढे जाऊन उभा राहिला, आणि आधी मॅडमकडे न बघता बागवाल्यांकडे वळला.

"काल घरोघर फिरून सांगितलं तेच इथे सांगतो. कोणाचा राग असेल तर माझ्यावर काढा, अध्यक्ष दुसरा निवडा." मग तो मॅडमकडे वळला. "माझ्या बहिणीने नारळ फोडून नव्वद सांगितले होते. बिल एकशेवीसचं यायचं आणि तीन बॉक्समागे चौथा फुकट यायचा. आम्ही सगळ्यांनी घेतला, शेवटच्या पेटीपर्यंत. तिच्या घरात काय जळतंय ते आम्ही विचारलं नाही. आम्हाला बॉक्स नव्वदलाच पडला, मॅडम. त्या हंगामाचा आमचा दावा खोटा आहे."

सभागृहात कुजबुज उठली. एक बागवाला उठून बाहेर चालता झाला. बाकीचे बसून राहिले.

वकील उठले. "म्हणजे बिलाशिवाय माल दिला. ही करचुकवेगिरी झाली."

"पैसे जेवढे घेतले तेवढ्या सगळ्यावर कर भरलाय," मी बसल्या जागेवरून म्हटलं. "घ्या तपासून."

मॅडमनी मला हाताने गप्प केलं, पण त्यांचे डोळे हसत होते. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. यंत्राला एक कोडं पहिल्यापासून दिसत होतं. त्या हंगामात कातळगावातून जेवढ्या पेट्या मुंबईला गेल्या, तेवढे बॉक्स गावाने विकत घेतलेलेच नव्हते. यंत्राने त्याचा अर्थ लावला, जुने बॉक्स परत वापरले असतील. आणि इकडे माझा गायब कागद दिसला, त्याचा अर्थ लावला, नासाडी. दोन्ही अर्थ एकेकटे बघितले तर बरोबर. ते गायब बॉक्स आणि त्या जादा पेट्या एकच, हे मात्र कोणी सांगितल्याशिवाय त्याला जोडता येत नव्हतं.

"आणि सांगितलं ते अशा माणसाने, ज्याचं त्यात नुकसान आहे," त्या म्हणाल्या. "यंत्रात अशा शब्दाला सगळ्यात जास्त वजन आहे."

त्यांनी ठिपक्याला मोहोरबोली शिकवली. म्हणजे एवढंच, की नारळ फुटला की दर हलवायचा नाही. नासाडी काढून टाकली, आणि बाजार पुन्हा चालवला.

पडद्यावर फाल्गुन आला, कागद चढला. आसपासचे सगळे ठिपके दर वाढवून मोकळे झाले. माझा हलला नाही. चैत्रात तो जरा फिका झाला. वैशाखात आणखी फिका. मी तिथे बसून बघत होते, आणि मला आठवत होतं, कुठल्या दिवशी मी मंगळसूत्राच्या वाट्या मोडल्या, कुठल्या दिवशी सुलभाला म्हटलं की या महिन्याचा पगार थोडा थांबून देते. पावसाळ्याच्या तोंडावर ठिपका विझला. खरोखर बंद पडली त्याच आठवड्यात.

माझ्या शेजारी कोणीतरी येऊन बसलं, बघितलं तर दादा.

"आता संगनमत वगळून," मॅडम म्हणाल्या.

पुन्हा फाल्गुन, पुन्हा वैशाख. ठिपका हिरवागार. पाऊस गेला, मोहोर आला, ठिपका चालूच. दुसरं वर्ष, तिसरं वर्ष. आजच्या तारखेला यंत्र थांबलं तेव्हाही तो तिथेच होता. दादाने माझा हात धरला आणि मी तो सोडवून घेतला नाही.

निकाल लागला. माझं झालेलं नुकसान आणि बंद पडलेल्या वर्षांचा नफा, दोन्ही गिरण्यांनी द्यायचं ठरलं. बागवाल्यांचा त्या हंगामाचा दावा गेला. पण नव्या हिशेबात आणखी एक गोष्ट वर आली. आधी यंत्राला वाटत होतं की माझी शेड माझ्याच उधळपट्टीने बुडाली. आता ती गिरण्यांनी बुडवली हे ठरल्यावर, गावाला पुढची चार वर्षं बॉक्स घाटावरून महाग आणावे लागले, तोही गिरण्यांचाच दोष ठरला. बागवाल्यांना त्याची भरपाई मिळाली. मागितली होती त्यापेक्षा कमीच, पण खरी. बाहेर निघून गेलेला बागवाला दोन दिवसांनी दादाकडे चहाला आला आणि अध्यक्ष दादाच राहिला.

शेडचं कुलूप मी दिवाळीनंतर काढलं. आत उंदरांनी राज्य केलेलं. सुलभा आली, बाकीच्या बायका आल्या, दोघी नव्या मिळाल्या. पहिला बॉक्स मशीनमधून वाकडा निघाला आणि मी अशी ओरडले की सुलभा म्हणाली, "आता वाटलं शेड सुरू झाली."

पौषात मोहोर आला. मी नारळ घेऊन बागेत निघायच्या तयारीत होते, कपाळाला कुंकू लावत होते, तेवढ्यात शेडच्या दारात पायांचा आवाज झाला. बघते तर दादा. हातात मोहोराची डहाळी आणि नारळ. मागे वयनी, आणि तिच्या मागे पाच-सहा बागवाले.

"अरे, मी येय होतंय ना!" मी म्हटलं. "बॉक्सवालीन बागेत जावचा. तू कसो इलंस?"

"एकदा वाट बघून झाली," दादा म्हणाला. "आता मीच येतलंय."

त्याने मोहोराची डहाळी माझ्या मशीनवर ठेवली आणि उंबऱ्याशी नारळ फोडला. पाणी सगळीकडे उडालं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी दर सांगितला. गेल्या खेपेला शब्द पाळण्यात धंदा मोडला होता, तरी या खेपेलाही मी कमीच सांगितला. सवय जाते का कुठे? सगळ्यांनी माना हलवल्या. बोली झाली. आता शेवटच्या पेटीपर्यंत दराचं नाव नाही.

दादा मात्र हलला नाही. माझ्याकडे नीट बघत उभा राहिला.

"हेमा, तुका परवडता काय गो?"

सुलभाने मशीन बंद केलं. एक म्हातारा बागवाला पटकन म्हणाला, "अरे अरे, बोलू नये, मोहोर गळात!"

"गळांदे चार फुलां," दादा म्हणाला. "तुका इचारतंय मी. परवडता काय?"

पाच वर्षं मी या प्रश्नाची वाट बघितली होती, आणि आता आला तर मी त्या म्हाताऱ्याकडेच बघायला लागले. वयनीने मला कोपराने ढोसलं.

"परवडणा नाय, दादा," मी म्हटलं.

"मगे वाढव," दादा म्हणाला, आणि खाली वाकून खोबऱ्याचे तुकडे सगळ्यांना वाटायला लागला.